यकृतातल्या गाठी: दुर्बिणीतून की पोट उघडून?

रानजाई (धागाकर्ती)

सासऱ्यांचं वय ६६. गेल्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. आता पेट-सीटीत यकृतात दोन डाग निघालेत. रिपोर्टप्रमाणे एक सेगमेंट (म्हणजे यकृताचा भाग) ३ मध्ये, अडीच सेंटीमीटरचा. दुसरा सेगमेंट ७ मध्ये, पावणेदोन सेंटीमीटरचा. बाकी कुठे काही नाही. केमो पुन्हा सुरू केलीय, सोबत बेव्हासिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध). त्यानंतर ऑपरेशन असं ठरतंय.

दोन सर्जनांना दाखवलं. एक म्हणाले, दोन्ही दुर्बिणीतून काढू, चार-पाच दिवसांत घरी. दुसरे म्हणाले, ३ नंबरची दुर्बिणीतून निघेल, पण ७ साठी पोट उघडावं लागेल, मग दोन्ही एकदमच उघडून काढू. दोघंही अनुभवी आहेत आणि दोघांनीही नीट वेळ दिला.

घरात सरळ दोन तट पडलेत. दीर दुर्बिणीच्या बाजूने. सासूबाई म्हणतात, "उघडून हाताने चाचपून बघू देत की, एखादी राहून गेली म्हणजे?" सासरे म्हणतात काहीही करा, पण पेरणीच्या आत घरी सोडा.

मला एवढंच कळून घ्यायचंय: कॅन्सर परत येणं, माणूस किती जगणं, याच्यात दोन्ही पद्धतींमध्ये खरोखर फरक पडतो का? की फक्त टाक्यांचा फरक आहे? कुणाच्या घरी झालं असेल तर लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर जरूर.

कट्ट्यावरचा_भाऊ

दुर्बीणच करा. मेव्हण्याचं पित्ताशय काढलं, दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात बुलेटवर. आजकाल पोट कोण उघडतं?

भूलवाली

भाऊ, पित्ताशय हा यकृताला खालून चिकटलेला एक फुगा आहे, तो सोडवून काढतात. इथे प्रत्यक्ष यकृत कापायचंय. मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. मेव्हण्यांना शुभेच्छा, पण ते उदाहरण इथे लागू नाही.

रानजाई, मी भूलतज्ज्ञ आहे. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

उजवी_बरगडी

मी यकृत, पित्तमार्ग, स्वादुपिंड याच शाखेत काम करतो. स्कॅन न बघता सल्ला देणार नाही. पण तुमच्या दोन सर्जनांमध्ये भांडण नाहीये, एवढं स्कॅनशिवायही सांगता येतं.

यकृताचे आठ भाग क्लोद कुइनो या फ्रेंच सर्जनने १९५० च्या दशकात पाडून दिले, तेच आकडे आजही आम्ही वापरतो. प्रत्येक भागाचा रक्तपुरवठा आणि पित्तनलिका बऱ्यापैकी स्वतंत्र असतात, म्हणून एक भाग काढला तरी शेजारचा जगतो. २ आणि ३ डाव्या टोकाला, पातळ, समोर. दुर्बीण आत घातली की आधी तेच दिसतात. ७ आणि ८ उजवीकडे, वर, डायफ्रॅमच्या (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) घुमटाखाली. त्यातला ७ तर पार मागे, माळ्यावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या डब्यासारखा. तिथे पोहोचायला अख्खं उजवं यकृत सोडवून डावीकडे वळवावं लागतं, आणि ते वळवताना मागे असते उजवी यकृतशीर आणि शरीरातली सगळ्यात मोठी नीला. दुर्बिणीची हत्यारं सरळसोट. तिथे कोन जुळत नाही.

म्हणून २००८ मध्ये लुईव्हिलला जगभरचे यकृतसर्जन जमले तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं: एकटी गाठ, ५ सेंटीमीटर किंवा लहान, सेगमेंट २ ते ६ मध्ये, ती दुर्बिणीसाठी सगळ्यात योग्य. डावं टोक काढायचं तर दुर्बीण हीच रीत असावी, असंही तेव्हाच म्हटलं. २०१४ ला जपानमध्ये मोरिओकाला पुन्हा बैठक झाली. छोट्या शस्त्रक्रियांसाठी दुर्बीण आता नेहमीची झाली, मोठ्या अजून पारखून घ्यायच्या आहेत, असा सूर होता. त्यानंतर अनुभव बराच वाढला. ७ आणि ८ दुर्बिणीतून नियमित करणारी केंद्रं आज आहेत, आपल्याकडेही आहेत. पण सगळीकडे नाहीत. तुमचे पहिले सर्जन त्या गटातले असतील, दुसरे नसतील किंवा त्यांना स्कॅनमध्ये ती गाठ शिरेच्या फार जवळ दिसली असेल. हे दुसऱ्यांनाच विचारा: "७ ला पोट उघडायचं ते जागेमुळे की शिरेमुळे?"

सासूबाईंची शंका रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. दुर्बिणीत हाताचा स्पर्श जातो हे खरं. त्याची भरपाई ऑपरेशन चालू असताना थेट यकृतावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून करतात. तो प्रोब दुर्बिणीच्या छिद्रातूनही आत जातो. आणि पोट उघडलं तरी चांगला सर्जन सोनोग्राफी करतोच, कारण खोलवरची छोटी गाठ बोटांना लागत नाही.

आणखी एक. "छिद्रातून काढतात" ऐकून लोकांना वाटतं चीर नसतेच. काढलेला तुकडा बाहेर यायला वाट लागते ना! तो पिशवीत घालून बहुधा ओटीपोटावर सिझेरियनसारख्या आडव्या छेदातून बाहेर घेतात. उघड्या पद्धतीत उजव्या बरगडीखालून लांब चीर जाते, स्नायू कापले जातात, आणि पुढे कित्येक दिवस प्रत्येक श्वासाला, खोकल्याला ती जागा ओढते. खालच्या छेदाला श्वासाशी फारसं देणंघेणं नसतं. पेशंट लवकर उठून बसतो त्याचं निम्मं कारण हे.

आकडेमोड

माझं काम औषधचाचण्यांच्या सांख्यिकीचं. डॉक्टर नाही. पण रानजाईंचा प्रश्न (किती जगणं, परत येणं) नेमका असा आहे की अनुभव सांगून त्याचं उत्तर मिळत नाही. सोप्या गाठी दुर्बिणीकडे जातात, अवघड गाठी उघड्याकडे, आणि मग दुर्बिणीचे निकाल उजळ दिसतात. त्यात दुर्बिणीचं कौतुक किती आणि गाठीच्या सोपेपणाचं किती, हे सुटं करता येत नाही. ते सुटं करायला चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

नॉर्वेत टाकल्या. ऑस्लो विद्यापीठ रुग्णालयात २०१२ ते २०१६ या काळात २८० रुग्ण, सगळ्यांना आतड्याच्या कॅन्सरच्या यकृतातल्या गाठी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारखेच. कुणाला दुर्बीण आणि कुणाला उघडी हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. चाचणीचं नाव ऑस्लो-कॉमेट. दोन्हीकडे धोरण एकच: गाठ आणि भोवतीचा थोडा काठ काढायचा, उरलेलं यकृत शक्य तेवढं राखायचं. उजवा किंवा डावा अर्धा भाग काढायचे रुग्ण त्यात नव्हते.

२०१८ ला पहिले निकाल आले. पहिल्या महिन्यातली दखल घेण्याजोगी गुंतागुंत दुर्बिणीत १९ टक्के, उघड्यात ३१ टक्के. रुग्णालयातला मुक्काम ५३ तास विरुद्ध ९६ तास. ऑपरेशनचा वेळ जवळपास सारखा. रक्तस्राव आणि गाठीभोवतीच्या काठाची स्वच्छता यांत ठोस फरक नाही.

२०२१ ला जगण्याचे आकडे आले. पाच वर्षांनी हयात: दुर्बीण ५४ टक्के, उघडी ५५ टक्के. पाच वर्षं आजार परत न येता: ३० टक्के आणि ३६ टक्के.

हा शेवटचा आकडा बघून घाबरू नका, आणि ३० विरुद्ध ३६ वरून "उघडी बरी" असंही काढू नका. ही चाचणी गुंतागुंत मोजण्याच्या हिशेबाने आखली होती. जगण्यातला लहानसहान फरक पकडायला २८० माणसं पुरत नाहीत. इतक्या माणसांत सहा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. म्हणजे "दोन्ही पद्धती कॅन्सरच्या बाबतीत तंतोतंत सारख्या" हे सिद्ध झालेलं नाही. "मोठा फरक दिसलेला नाही", इतकंच.

खरी बघण्यासारखी गोष्ट दोन आकडे शेजारी ठेवल्यावर दिसते. दोन-तृतीयांश लोकांचं पाच वर्षांत काही ना काही परत आलं किंवा ते गेले, तरीही निम्म्याहून जास्त हयात आहेत. कारण परत आलेल्या गाठींवर पुन्हा उपचार होतात: पुन्हा ऑपरेशन, जाळणं, केमो. म्हणून पहिल्या वेळी यकृत राखून काढणं महत्त्वाचं. दुसऱ्या खेपेला काहीतरी शिल्लक हवं.

रानजाई

बापरे. हे असं कुणीच समजावलं नव्हतं. ३६ टक्क्यांवर माझे डोळे थांबले होते, पुढचा परिच्छेद वाचून श्वास घेतला.

एक शंका. ऑस्लोत ७ नंबरवाल्या गाठी होत्या का?

आकडेमोड

होत्या. मागच्या-वरच्या भागातल्या रुग्णांचं वेगळं विश्लेषणही झालंय. तिथे गुंतागुंतीतला फरक आकसला, संख्याशास्त्राच्या भाषेत फरक म्हणण्याइतका उरला नाही. मुक्काम मात्र दुर्बिणीतच कमी राहिला. त्यामुळे "७ ला दुर्बीण धोकादायक" असंही म्हणता येत नाही आणि "७ लाही तेवढाच फायदा" असंही नाही. शिवाय हे ऑस्लोच्या हातांचं फळ आहे. तिथली माणसं चाचणीच्या आधी कित्येक वर्षं दुर्बिणीने यकृत कापत होती.

पाटीवरचा_खडू

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा हो. सगळे ऑस्लो ऑस्लो करतात, जपानातल्या गुन्माचं नाव कुणी काढत नाही. गुन्मा विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१० ते २०१४ या काळात दुर्बिणीतून यकृताचं ऑपरेशन झालेले ८ रुग्ण दगावले. सगळ्यांचा सर्जन एकच. चौकशीत काय निघालं? ऑपरेशनआधीच्या तपासण्या अपुऱ्या, नातेवाइकांना धोका नीट सांगितलेला नाही, विम्यात न बसणाऱ्या नव्या शस्त्रक्रियेसाठी घ्यायची नैतिक समितीची परवानगी घेतलेली नाही. नवं तंत्र म्हणजे चांगलं तंत्र, हे दिराला कुणीतरी सांगा.

उजवी_बरगडी

खडू, प्रकरण खरं आहे आणि आमच्या शाखेत ते सगळ्यांना पाठ आहे. पण अर्धंच सांगू नका. त्याच सर्जनच्या हातून पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतरही मृत्यू झाल्याचं पुढे बाहेर आलं. म्हणजे रोग दुर्बिणीत नव्हता. कुणाचं यकृत किती सोसेल हे आधी न मोजणं, आणि मृत्यू झाल्यावर सगळ्यांनी बसून तो का झाला हे न उकरणं, हा रोग होता. त्यानंतर जपानमध्ये दुर्बिणीच्या यकृतशस्त्रक्रियांची आधी नोंदणी करण्याची पद्धत सुरू झाली. ती आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे प्रत्येक रुग्णालय स्वतःचे आकडे स्वतःच सांगतं, आणि तेही चांगले असले तर.

रानजाई, यावरून विचारायचा प्रश्न: ऑपरेशननंतर यकृत किती टक्के उरणार? सीटीवरून ते मोजता येतं. निरोगी यकृत असेल तर २० ते २५ टक्के उरलं तरी भागतं. बरीच केमो झालेली असेल तर ३० टक्के हवं. सिरोसिस असेल, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झालेलं असेल, तर ४०. तुमच्याकडे दोन छोट्या गाठी, राखून काढायच्या, तर ही अडचण येऊ नये. तरी विचारा. प्रश्न ऐकून समोरचा कसा उत्तर देतो तेही कळतं.

भूलवाली

आले. भूल देणाऱ्याच्या खुर्चीतून हे ऑपरेशन कसं दिसतं ते लिहिते, कारण नातेवाईक सर्जनची चौकशी दहा ठिकाणी करतात आणि भूल कोण देणार हे विचारतसुद्धा नाहीत.

यकृत कापताना रक्त दोन बाजूंनी येतं. आत येणारं रक्त थांबवायला यकृताच्या देठाला पट्टी घालून आवळतात. ही युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ मध्ये लिहिली, आजही तीच. पंधरा मिनिटं आवळायचं, पाच मिनिटं सोडायचं, असं चालतं. पण यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या नीलांचं रक्त प्रिंगलने थांबत नाही. तिथे आमचं काम. नीलांमधला दाब आम्ही मुद्दाम कमी ठेवतो, सलाइन हात आखडून देतो. कापून झालं की मग भरून काढतो.

दुर्बिणीत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं. त्या वायूचा दाब नीलांवर बाहेरून पडतो, त्यामुळे झिरपणं कमी होतं. उलट बाजूही आहे: नीलेला भोक पडलं तर तोच वायू रक्तात शिरू शकतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात पटकन विरघळतो म्हणून बहुतेक वेळा निभावतं, पण आमची नजर मॉनिटरवरून हलत नाही. आणि मोठी नीला फाटली तर उघड्या पोटात सर्जन बोट ठेवतो. दुर्बिणीत ते बोट नसतं.

त्यामुळे मध्येच पोट उघडायची वेळ येऊ शकते. संमतिपत्रात ते लिहिलेलं असतंच. नातेवाइकांना ते अपयश वाटतं. मला विचाराल तर वेळेवर उघडणारा सर्जन मला जास्त आवडतो. हट्टाने दुर्बिणीतच झगडत बसणाऱ्यासोबत काम करायला नको वाटतं.

दुखण्याचं म्हणाल तर, उघड्या ऑपरेशनला एपिड्युरल (पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी ठेवून औषध) किंवा पोटाच्या स्नायूंत नळ्या ठेवून औषध देतो. नीट दिलं तर उघड्यावाला पेशंटही दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसतो. म्हणून ज्या रुग्णालयात लवकर चालवणं, लवकर खायला देणं याची शिस्त आहे तिथे दोन पद्धतींतलं अंतर कमी होतं.

आकडेमोड

भूलवालींच्या शेवटच्या मुद्द्याला पुरावा आहे. ऑरेंज-२-प्लस नावाची चाचणी युरोपातल्या १६ केंद्रांत झाली, निकाल २०२४ चे. त्यात यकृताचा अर्धा भाग काढायचे रुग्ण होते आणि दोन्ही गटांना लवकर उठवण्याची तीच शिस्त लावली होती. स्वतःचं स्वतः करण्याइतकं बरं व्हायला दुर्बिणीत ४ दिवस, उघड्यात ५. एकच दिवस! गुंतागुंतीत ठोस फरक नाही. पण कॅन्सरच्या रुग्णांत पुढची केमो दुर्बिणीवाल्यांना साधारण दोन आठवडे आधी सुरू करता आली. माझ्या मते त्या निकालातली सगळ्यात कामाची ओळ ही.

मधली_आळी

आमच्या घरचं लिहिते, केस वेगळी आहे. आईला जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरोसिस, त्यावर यकृताचीच गाठ. दुसरीकडून आलेली नाही, तिथेच उगवलेली. पोट उघडून केलं. गाठ स्वच्छ निघाली. पण नंतर पोटात पाणी व्हायला लागलं, ते हटता हटेना. अल्ब्युमिनच्या बाटल्या, मीठ बंद, रोज वजन. आता बरी आहे. तेव्हा आम्हाला कुणी दुर्बिणीचा पर्याय सांगितला नव्हता. आज वाचताना प्रश्न पडतो की त्याने फरक पडला असता का.

उजवी_बरगडी

तुमच्या आईच्या बाबतीत नक्की सांगता येणार नाही. पण सिरोसिसमध्ये दुर्बिणीनंतर पोटात पाणी कमी होतं असं बऱ्याच तुलनात्मक अभ्यासांत दिसलंय. कारणही पटण्यासारखं आहे. सिरोसिसमध्ये यकृतातून रक्त नीट जात नाही, ते पोटाच्या भिंतीतल्या आणि यकृताला धरणाऱ्या पडद्यांतल्या आडवाटांनी जातं. मोठी चीर दिली की त्या आडवाटा तुटतात. फक्त लक्षात घ्या, यातले बहुतेक अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेले नाहीत, मागच्या नोंदी जुळवून केलेले आहेत. आकडेमोड रागावतील.

आणि सिरोसिसमध्ये तिसरा पर्याय असतोच: यकृत प्रत्यारोपण. ५ सेंटीमीटरपर्यंतची एक, किंवा ३ सेंटीमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, हे मिलान निकष. रानजाईंच्या केसला ते लागू नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवेल.

आकडेमोड

रागावलो नाही. नोंदवून ठेवलं.

अण्णा_वैद्य_नाही

ऑपरेशनआधी महिनाभर गुळवेलीचा काढा द्या. यकृताला ताकद येते. आमच्या अंगणात वेल आहे, हवा तर पाठवतो.

भूलवाली

अण्णा, भावना पोहोचली, पण नको. कोव्हिडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांमधली यकृताची सूज नोंदवली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. केमो चालू असलेल्या, महिन्याभराने यकृत कापायच्या माणसाला मी कुठलाच काढा देऊ देणार नाही. रक्तातले यकृताचे एन्झाइम वाढले तर ते केमोने, कॅन्सरने की काढ्याने हे कळणार कसं? ऑपरेशन पुढे ढकललं जाईल ते वेगळंच.

अण्णा_वैद्य_नाही

ठीक. वेल अंगणातच राहू दे.

तिसरी_घंटा

सगळे कापण्याबद्दलच बोलतायत. पावणेदोन सेंटीमीटरची गाठ जाळता येत नाही का? सोनोग्राफीत बघून सुई घालतात, मायक्रोवेव्हने जाळतात. माझ्या मामांचं असंच केलं, दुसऱ्या दिवशी सोडलं.

उजवी_बरगडी

घंटा, तुम्ही वेळेवर वाजलात. माझ्या मनात होतं पण स्कॅन न बघता काढायला नको म्हणून थांबलो होतो.

नेदरलँड्समधून चाललेल्या कोलिजन नावाच्या चाचणीत आतड्याच्या कॅन्सरच्या ३ सेंटीमीटरपर्यंतच्या यकृतातल्या गाठी एका गटात कापल्या, दुसऱ्यात जाळल्या. मधल्या टप्प्यावरच निकाल इतका बोलका होता की चाचणी लवकर थांबवली. जाळलेल्यांत त्रासदायक घटना १९ टक्के, कापलेल्यांत ४६. मुक्काम १ दिवस आणि ४ दिवस. जागेवरचं नियंत्रण कापण्याच्या तोडीचं.

म्हणजे एक शक्यता अशी: ३ नंबरची दुर्बिणीतून कापायची आणि ७ ची त्याच भुलीत जाळायची. मग अख्खं उजवं यकृत वळवायचा खटाटोपच नाही. पण दोन अटी. गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून घेतं आणि तेवढा कोपरा जळायचा राहतो. आणि डायफ्रॅमच्या लगत असेल तर वरचं फुप्फुस सांभाळावं लागतं. हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला (स्कॅनमध्ये बघून सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरला) विचारायचं. तुमच्या दोन्ही भेटी सर्जनकडेच झाल्या ना? सर्जन, रेडिओलॉजिस्ट, कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून केस बघतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. केस तिथे ठेवायला सांगा.

आणखी, केमोनंतर ७ ची गाठ स्कॅनवर दिसेनाशी झाली तर पेढे वाटू नका. दिसत नाही म्हणजे मेली असं नाही, अशा पुष्कळ जागी जिवंत पेशी सापडतात. आणि दिसत नसलेलं कापायचं तरी कसं, जाळायचं तरी कुठे? म्हणून केमो लांबवत नेऊ नका. ऑपरेशनआधी यकृतासाठीचं खास रंगद्रव्य देऊन एमआरआय करायला सांगा, सीटीपेक्षा तो अशा छोट्या गाठी जास्त पकडतो.

कट्ट्यावरचा_भाऊ

आणि रोबोट? आमच्या इथल्या रुग्णालयाने फ्लेक्सच लावलाय.

उजवी_बरगडी

रोबोटची हत्यारं मनगटासारखी वळतात, त्यामुळे ७-८ सारख्या कोपऱ्यांत आम्हाला सोपं जातं, हे खरं. पेशंटला त्याचा वेगळा फायदा किती? जर्मनीत रोबोट विरुद्ध साधी दुर्बीण अशी ८० रुग्णांची चिठ्ठ्यांची चाचणी झाली, पहिल्या ९० दिवसांतल्या जीवनमानात फरक निघाला नाही. फ्लेक्सवर ते लिहीत नाहीत.

हिशोबनीस

मी विम्याच्या दाव्यांचं काम बघायचो, त्यामुळे थोडं कोरडं लिहितो. रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही असा विमा नियामकाचा नियम आहे, पण त्यावर वेगळी मर्यादा घालायला मोकळीक आहे. बऱ्याच पॉलिसींत ती असते. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहाल आणि डिस्चार्जच्या दिवशी कळेल की रोबोटिकला निम्मीच मान्य. साध्या दुर्बिणीला ही अडचण सहसा नसते. तरी स्टेपलर, ऊर्जेवर चालणारी कापायची हत्यारं, यांची बिलं वेगळी लागतात, त्यांचा अंदाज लेखी मागा. "दुर्बिणीतून सुरू करून उघडं करावं लागलं तर किती" हेही त्याच कागदावर.

ऑस्लोच्या चाचणीत दोन्ही पद्धतींचा एकूण खर्च सारखाच निघाला असं वाचलंय. तिथे हत्यारांचा जादा खर्च कमी झालेल्या मुक्कामात वसूल होतो आणि पैसे सरकार भरतं. इथे दोन दिवस लवकर सुटल्याने वाचतं त्यापेक्षा स्टेपलरचं बिल जास्त येऊ शकतं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमची शस्त्रक्रिया कुठल्या पॅकेजात बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी खात्री करून घ्या.

रानजाई

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

केस ट्यूमर बोर्डापुढे गेली. दुसऱ्या सर्जनांना तुमचा प्रश्न विचारला. म्हणाले, शिरेमुळे नाही, जागेमुळे, आणि "तिथे दुर्बिणीने मी कमी केल्यात, तुमच्या सासऱ्यांवर शिकणार नाही." मला हे उत्तर फार आवडलं. रेडिओलॉजिस्ट म्हणाले ७ ची गाठ शिरेपासून लांब आहे, जाळता येईल. तर आता ठरलंय ते असं: ३ ची दुर्बिणीतून, ७ ची त्याच वेळी मायक्रोवेव्ह, गरज पडली तर उघडण्याची संमती आधीच. करणार दुसरे सर्जनच. त्याआधी तो खास एमआरआय. बेव्हासिझुमॅब बंद केलंय, त्यानंतर सहा आठवडे थांबायचं म्हणाले, नाहीतर जखम भरायला आणि रक्तस्रावाला त्रास होतो. पेरणी दिराकडे सोपवली.

सासूबाईंना सोनोग्राफीच्या प्रोबचं सांगितलं. "म्हणजे चाचपतात तर," एवढंच म्हणाल्या.

आता भूलवालींना विचारते. सासरे मिश्री लावतात आणि दिवसाला दोन-तीन विड्या. हे सर्जनांना सांगितलंय, पण त्यांनी फक्त "बंद करा" म्हटलं. या सहा आठवड्यांत काय करून घेऊ?

भूलवाली

विडी आजपासून बंद, उद्यापासून नाही. चार आठवड्यांहून जास्त थांबले तर नंतरच्या छातीच्या तक्रारी खरोखर कमी होतात, आणि तेवढे दिवस तुमच्या हातात आहेत. मिश्रीही बंद. निकोटीनची तलफ फार झाली तर गम किंवा पॅच डॉक्टरांना विचारून. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर आत्ताच विकत आणा, ऑपरेशननंतर दुखत असताना तो शिकवणं फार अवघड जातं. दर तासाला दहा वेळा, श्वास आत ओढायचा, फुंकायचा नाही. निम्मे लोक फुंकतात. रोज अर्धा तास चालणं, थोडा दम लागेल इतकं. केमोने तोंडाची चव गेली असेल तरी अंडी, डाळ, दूध, जे जाईल ते, आणि वजन आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्ताच दाखवा, शेवटच्या आठवड्यात रक्त चढवायची वेळ येऊ देऊ नका. आणि भूलतपासणीला जाताना जुने सगळे कागद न्या, गेल्या वर्षीच्या ऑपरेशनचा भुलीचा कागद मिळाला तर तोही. तो कुणीच आणत नाही.